आज काय शिकलास, ते आम्हाला सांग!

पाहुणा घरी आला की लेकराला एक प्रश्न हमखास विचारला जातो, "काय रे बाळा, मोठेपणी तू कोण होणार?" लेकरू आधी आईच्या तोंडाकडे पाहते, मग पाठ केलेले उत्तर देऊन मोकळे होते. डॉक्टर, कलेक्टर, नाहीतर पोलीस. पाहुणा खूश होतो, आई-बापालाही बरे वाटते. चहा होतो, पाहुणा जातो आणि ते उत्तर तिथेच राहते. डॉक्टर व्हायला अकरावीला कोणती शाखा घ्यावी लागते, कलेक्टरची परीक्षा कधी देता येते, पोलीस भरतीला किती शिक्षण लागते, हे ना पाहुण्याने विचारलेले असते, ना लेकराला कोणी सांगितलेले असते.

आमचे म्हणणे असे की हा प्रश्न वाईट नाही, पण तो दुसरा प्रश्न आहे. त्याआधी रोज संध्याकाळी विचारायचा पहिला प्रश्न वेगळाच आहे. "आज शाळेत काय शिकलास? ते आम्हाला सांग." हा प्रश्न ज्या घरात विचारला जातो, त्या घरात दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हळूहळू आपोआप सापडत जाते. कसे, ते आज थोडे सविस्तर पाहू.

फाटा हीच पहिली शाळा

परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यात देवगाव फाटा आहे. इथून रस्ते सेलूकडे, जिंतूरकडे आणि जालना जिल्ह्यातील मंठ्याकडे फुटतात. मराठवाड्यात असे फाटे शेकड्यांनी आहेत. एस.टी. थांबते, माणसे उतरतात, कोणी चहा घेतो, कोणी पंक्चर काढून घेतो, कोणी कापसाच्या भावाची चौकशी करतो. आपल्या समाजातील कित्येक लेकरे रोज अशाच एखाद्या फाट्यावरून शाळेत जातात-येतात. पण त्यांना कोणी थांबवून असे विचारले आहे काय, की या फाट्यावर तुला किती धंदे आणि किती नोकऱ्या दिसतात?

मोजून पाहा. एस.टी.चा चालक आणि वाहक. टपाल वाटणारा. औषधाचे दुकान चालवणारा. मोटार भरून देणारा आणि वेल्डिंग करणारा. विजेच्या खांबावर चढणारा. जनावरांचा डॉक्टर. आरोग्य उपकेंद्रातील सिस्टर. शाळेचे गुरुजी. रस्त्याची मोजणी करणारा. यांतल्या प्रत्येक कामामागे एक शिक्षण आहे, एक परीक्षा आहे, एक दरवाजा आहे. तो दरवाजा कुठे आहे आणि कोणत्या वर्गानंतर उघडतो, एवढेच आपल्याला माहीत नसते. ज्यांच्या घरात तीन-तीन पिढ्या नोकरीत आहेत, त्यांच्या मुलांना हे जेवताना कळते. आपल्या मुलांना ते कोणी मुद्दाम सांगावे लागते.

थोडे पलीकडे पाहिले तर सेलू तालुक्यातच निम्न दुधना धरण आहे आणि जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरी. येलदरीला पाण्यापासून वीज तयार होते. शाळेच्या पुस्तकात ऊर्जेचा धडा वाचणाऱ्या लेकराला, ती वीज आपल्याच जिल्ह्यात तयार होते आणि तिथे इंजिनिअरपासून आयटीआय झालेल्या कामगारापर्यंत माणसे लागतात, हे सांगितले की धडा जिवंत होतो. परभणीला कृषी विद्यापीठ आहे. १९७२ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ आज वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. पशुवैद्यकीय महाविद्यालयही परभणीतच आहे. दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या आणि चार शेळ्या पाळणाऱ्या घरातील मुलीने त्या फाटकातून विद्यार्थिनी म्हणून आत जावे, असे स्वप्न पाहायला पैसे लागत नाहीत. ते फाटक आहे हे माहीत असावे लागते.

शिकलेले घरात आले की

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. लेकराने शाळेत शिकलेले घरी सांगितले तर काय होते?

समजा, बाप मुरूम-वाळूच्या ट्रॉल्या भरतो आणि मजुरी ब्रासवर मिळते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. आठवी-नववीतल्या मुलाने नुकतेच घनफळ शिकले आहे: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. ट्रॉली १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि २ फूट उंच असेल तर तिच्यात १२० घनफूट माल बसतो, म्हणजे सव्वा ब्रासला थोडे कमी, १.२ ब्रास. मुकादम मात्र ती एकच ब्रास धरत असेल, तर पाच ट्रॉल्यांमागे एका ब्रासची मजुरी बुडाली. हा हिशेब पोराने दिव्याखाली बसून बापाला करून दाखवला, तर त्या दिवशी त्या घराला गणित म्हणजे काय ते कळते.

समजा, आईने पाच हजार रुपये शेकडा दोन रुपये महिन्याच्या व्याजाने घेतले. महिन्याला शंभरच तर द्यायचे, असे वाटते. सरळव्याज शिकलेली मुलगी सांगेल, "आई, वर्षाचे बाराशे झाले. म्हणजे वर्षाला शेकडा चोवीस." मग बचत गटाचे व्याज किती आणि सावकाराचे किती, याची तुलना आईला स्वतः करता येते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबात उचल किती घेतली, किती टन तोडले आणि फिटले किती, याची वही शाळेत जाणाऱ्या लेकराच्या हाती असावी. फसवणाऱ्याला निरक्षर माणूस हवा असतो, हे जोतीरावांनी फार आधी ओळखले होते.

आणि समजा, घरातील लहान्याला जुलाब लागले आहेत. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे-थोडे पाजत राहावे आणि मूल मलूल वाटले तर ताबडतोब दवाखाना गाठावा, हे विज्ञानाच्या तासाला शिकलेली ताई घरातल्या घरात जीव वाचवू शकते. याच ताईला उद्या सिस्टर व्हावेसे वाटले, तर त्यात नवल ते काय?

मुद्दा असा की मूल सांगू लागले म्हणजे त्याची आवड आई-बापाला दिसू लागते. कोणता विषय सांगताना त्याचे डोळे चमकतात? हिशेब सांगताना, की झाडा-जनावरांविषयी बोलताना? गोष्ट सांगताना, की मोडलेला रेडिओ खोलून दाखवताना? २०१६ साली राज्य मंडळाने दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी सुरू केली आणि ती काही वर्षे चालली. कृषी, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांकडे मुलाचा ओढा किती, हे त्या कागदावर येत असे. चाचणी चांगलीच होती. पण ज्या मुलाने ही कामे कधी जवळून पाहिलीच नाहीत, त्याने कागदावर खूण तरी कशाच्या आधारावर करावी? खरी कल चाचणी घरात आणि फाट्यावर होते, आणि ती पाचवीपासून सुरू करता येते.

मुक्ता साळवेने काय केले?

शाळेत शिकलेले समाजाला सांगायचे, ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नाही. १८५५ साली पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. शाळेत जाऊन तिला थोडीच वर्षे झाली होती. त्या थोड्या वर्षांत जे शिकली, ते तिने आपल्या माणसांची कैफियत मांडण्यासाठी वापरले. अक्षर हाती आले, त्याच क्षणी तिने ते स्वतःपुरते ठेवले नाही. आज आपल्या हजारो मुक्ता शाळेत आहेत. त्यांना कोणी 'सांग' म्हणते का, एवढाच प्रश्न आहे.

बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू केले. पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद राजा प्रश्न विचारणारा, भन्ते नागसेन उत्तर देणारे. एका महाविद्यालयाला प्रश्न विचारणाऱ्याचे नाव द्यावे, यात बाबासाहेबांनी आपल्याला फार मोठी गोष्ट सांगून ठेवली आहे. निजामी राजवटीत अक्षराला पारखा झालेल्या मराठवाड्यातील पहिली पिढी तिथे शिकली आणि शिक्षक, वकील, अधिकारी, लेखक होऊन गावोगाव गेली. तेव्हा आपल्या घरातील मिलिंद प्रश्न विचारू लागला की "गप बस" म्हणू नका. उत्तर येत नसेल तर "उद्या गुरुजींना विचार आणि मलाही सांग" म्हणा. त्यात आई-बापाचा काही कमीपणा नाही.

मुंबईच्या पोर्ट ट्रस्टमध्ये राबलेल्या एका बापाच्या पोरांची कहाणी 'आमचा बाप आन् आम्ही' या पुस्तकात आहे. ते १९९३ साली आले. लेखक डॉ. नरेंद्र जाधव रिझर्व्ह बँकेत अर्थतज्ज्ञ झाले आणि २००६ साली पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. बाप फारसा शिकलेला नव्हता, पण पोरांच्या शिक्षणात त्याने कधी कसूर केली नाही. शिकलेला बाप असणे हे नशीब, पण शिकवणारा बाप होणे हे आपल्या हाती आहे.

वाटा कोणत्या?

आता दुसरा प्रश्न. आठवीपर्यंत म्हणजे चौदा वर्षांपर्यंत शिक्षण हक्क कायदा लेकराच्या पाठीशी आहे. तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यापुढे कायद्याचा हात सुटतो, आणि नेमके तिथेच आपली मुले गळतात. मुलगा कामाला लागतो, मुलीला स्थळ पाहिले जाते. म्हणून आठवी ते बारावी ही पाच वर्षे डोळ्यांत तेल घालून जपायची आहेत.

आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. सरकारी, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळेतील, मर्यादित उत्पन्नाच्या घरातील मुलांसाठी ती आहे. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. सातवीचे गुण त्यासाठी पाहिले जातात, हे ध्यानात असू द्या.

दहावीनंतर आयटीआय आहे. वेल्डर एका वर्षाचा, इलेक्ट्रिशियन आणि फिटर दोन वर्षांचे. त्यानंतर शिकाऊ उमेदवारी करता येते. तंत्रनिकेतनाची पदविका दहावीनंतर तीन वर्षांची, आणि ती झाली की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. ग्रामीण डाक सेवकाची निवड दहावीच्या गुणांवर होते. म्हणून दहावीला 'पास झाला, बस झाले' असे म्हणू नये. एकेका गुणाला मोल आहे.

अकरावीला शाखा घेताना सर्वांत जास्त सावध राहा, कारण इथे एक दार उघडले की दुसरे बंद होते. बी.एस्सी. नर्सिंग, डॉक्टरकी, पशुवैद्यकीय यांना बारावी विज्ञान आणि जीवशास्त्र लागते. औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेला आणि कृषी पदवीलाही विज्ञान शाखा हवी. मैत्रीण कला शाखेत गेली म्हणून आपणही गेलो आणि बारावीनंतर सिस्टर व्हावेसे वाटले, तर बी.एस्सी. नर्सिंगचा दरवाजा बंद झालेला असतो. पण कला शाखा म्हणजे कमीपणा, असेही समजू नका. शिक्षक होण्यासाठीची डी.एल.एड. पदविका कोणत्याही शाखेच्या बारावीनंतर करता येते, त्यापुढे शिक्षक पात्रता परीक्षा असते. पोलीस शिपाई भरतीला बारावी लागते. तलाठी आणि राज्यसेवेला पदवी.

वकिली बारावीनंतर पाच वर्षांची, पदवीनंतर तीन वर्षांची. या वाटेविषयी परभणी जिल्ह्यात वेगळे काही सांगायला नको. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या धरपकडीत पकडला गेलेला सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. तो कायद्याचे शिक्षण घेत होता. आपल्या वस्तीतून कायदा जाणणारी मुले-मुली का निघाली पाहिजेत, हे ज्याला कळत नसेल त्याने हे एक नाव आठवावे.

पैसा आणि कागद

"पुढे शिकवायला पैसा कुठून आणायचा?" हा आई-बापांचा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर बाबासाहेबांनी आपल्यासाठी आधीच तयार करून ठेवले. ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४४ साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज अकरावीपासून पुढे शिकणाऱ्या आपल्या लेकरांना जी भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळते, ती तीच. तालुक्या-जिल्ह्याला समाजकल्याणची वसतिगृहे आहेत. तिथे प्रवेश मिळाला नाही तर राहण्या-जेवणासाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्याची बार्टी आहे. यांतले काहीही उपकार म्हणून मिळालेले नाही. राज्यात बौद्धांना सवलती १९६० पासून मिळू लागल्या, केंद्राच्या सवलतींसाठी मात्र १९९० ची कायदा दुरुस्ती व्हावी लागली. तीस वर्षे समाज त्यासाठी झगडला. तेव्हा हक्क सोडून देणे हा त्या झगडणाऱ्यांचा अपमान आहे.

मात्र हक्काला कागद लागतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला आणि बँकेचे खाते, ही तयारी दहावीच्या निकालाची वाट न पाहता आधी करा. महाराष्ट्रात अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा विचारतात. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा प्रवेश निर्गम उतारा, महसुली नोंद, काहीही जुने असेल ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवा. आपल्याकडच्या निजामकाळातील नोंदी पुष्कळदा उर्दूत सापडतात, त्या टाकाऊ समजू नका. अकरावी-बारावीत असतानाच महाविद्यालयातून जात पडताळणीचा अर्ज करा. नॉन-क्रिमीलेअरचा दाखला अनुसूचित जातीला लागत नाही, त्यासाठी कोणी हेलपाटे घालायला लावले तर स्पष्ट विचारा. हुशार लेकराची जागा एका कागदापायी जावी, यासारखे दुसरे दुःख नाही.

लेकीला मागे ठेवू नका

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलू. पोराला 'काय शिकलास' विचारणारा बाप पुष्कळदा पोरीला 'भाकरी झाल्या का' एवढेच विचारतो. फाट्यापर्यंत पायी जावे लागते, एस.टी. वेळेवर येत नाही, जग चांगले नाही, अशी कारणे सांगून लेकीची शाळा आठवी-दहावीत सुटते. काळजी खरी आहे, पण तिचा उपाय शाळा सोडवणे हा नाही. चार घरच्या मुली एकत्र जातील, एखाद्या आजीबाई फाट्यापर्यंत सोबत करतील, गावची मंडळी आगाराला अर्ज देऊन गाडीची वेळ शाळेशी जुळवून घेतील. ऊसतोडीच्या हंगामात लेकराला फडावर नेण्याऐवजी आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात ठेवा. सहा महिन्यांची शाळा बुडाली की ते मूल पुन्हा वर्गात रमत नाही, आणि अठरा वर्षांच्या आत लग्न लावले की सगळ्या वाटा एकदम बंद होतात. सावित्रीमाई आणि रमाईच्या तसबिरी भिंतीवर लावणाऱ्या घरात हे शोभत नाही.

विहारात एक तास

शेवटी एक सूचना. बुद्ध विहारात आपण वंदनेला जमतो, जयंती करतो, भाषणे ऐकतो. त्यातच दर रविवारी एक तास लेकरांसाठी ठेवा. बोलायचे मुलांनी, ऐकायचे मोठ्यांनी. प्रत्येकाने आठवड्यात शिकलेली एक गोष्ट पाच मिनिटांत सांगायची, आजीला समजेल अशा भाषेत. फळा नसला तर दार चालेल, खडू नसला तर कोळसा चालेल. मग आजीने एक प्रश्न विचारायचा. आजीला समजले, तरच पोराला समजले असे मानायचे.

महिन्यातून एकदा कामावरच्या माणसाला बोलवा. मोठा साहेबच मिळाला पाहिजे असे नाही. एस.टी.चा वाहक, उपकेंद्राची सिस्टर, वायरमन, टपालवाला, तहसीलचा कारकून, कोणीही चालेल. त्याला मुलांनीच विचारावे: तुम्ही किती शिकलात, कोणती परीक्षा दिली, खर्च किती आला, पहिल्या वेळी नापास झालात तेव्हा काय केले, पगारात भागते का? खरी माहिती अशीच मिळते. आणि नोकरीला लागलेल्या आपल्या दादा-ताईंनी गावाकडे येताना पेढ्यांबरोबर आपला फॉर्म कसा भरला, हेही सांगावे. समाजाचे ऋण फेडण्याची याहून सोपी रीत नाही.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भिवा नावाच्या मुलाचे नाव दाखल झाले. २०१७ पासून महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी तो मुलगा पुढे कोण होणार, हे वर्गातील कोणालाच ठाऊक नव्हते. पण सुभेदार रामजींनी त्याच्या अभ्यासाकडे एक दिवसही पाठ फिरवली नाही. आपल्या घरातील लेकरू कोण होणार, हेही आज कोणाला सांगता येणार नाही. आज रात्री जेवण झाल्यावर त्याला जवळ बसवून, शाळेत काय झाले ते मन लावून ऐकणे मात्र प्रत्येक आई-बापाला जमण्यासारखे आहे. तेवढे करू या.

जयभीम! नमो बुद्धाय!